तुमचे प्रश्न : सात रविवार, किती पापं?

गेल्या अंकाच्या शेवटी मी सहज एक ओळ टाकली होती : पाप, पुण्य, सदसद्विवेकबुद्धी यांबद्दल काही अडत असेल तर कळवा. परवा संपादकांनी एक जाडजूड पाकीट पाठवलं, वर चिठ्ठी, ‘पुन्हा अशी ओळ टाकताना आधी सांगा.’

दोन पत्रांची सुरुवात ‘आदरणीय फादर’ अशी आहे, म्हणून आधी ओळख करून देते. मी फादर नाही. बावीस वर्षं वॉर्डात नर्स होते, तेव्हा सगळे सिस्टर म्हणायचे, पण व्रत घेतलेली सिस्टरही नाही. नंतर धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले. पन्नाशी उलटल्यावर नीतिशास्त्र रीतसर शिकले, निम्म्या वयाच्या मुलांशेजारी बाकावर बसून. तेव्हा कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, ऐकून मिळणारी पापक्षमा माझ्याकडे मिळणार नाही, ती फादरांकडे. सगळ्या पत्रांना जागा नाही. निवडलेली जशी हाताला लागली तशी घेते, आधी पत्र, मग माझं उत्तर.

वडील अंथरुणाला खिळले होते आणि बघणारा मी एकटाच. सात रविवार मिस्सेला गेलो नाही. रविवारची मिस्सा चुकवणं महापाप, असं लहानपणी शिकलो आहे. वडील गेले. आता कन्फेशनला जायचं आहे. सात महापापं सांगायची, की एकच पाप सात वेळा केलं असं सांगायचं?

शून्य सांगायची.

गंभीर कारण असेल तर रविवारच्या मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेचं, बंधन लागू होत नाही. कॅथलिक चर्चचा कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचा अधिकृत ग्रंथ, 1992 साली आला. त्याच्या 2181व्या परिच्छेदात आजारपण आणि तान्ह्या बाळाची देखभाल ही उदाहरणं दिली आहेत. उठता न येणाऱ्या वडिलांना एकटं टाकून न जाणं त्याच रांगेत बसतं.

तुम्ही आकडा नेमका काढलात, यावरून नियम तुम्हाला पाठ आहे हे दिसतं. महापापं प्रकार आणि संख्या यांसह सांगायची असतात, हे बरोबर. पण मोजणी ही नंतरची पायरी. जे मोजताय ते महापाप आहे का, हे आधी बघायचं असतं, आणि त्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी लागतात : विषय गंभीर हवा, आपण काय करतोय याची पूर्ण जाणीव हवी, आणि समजूनउमजून दिलेली संमती हवी. कॅटेकिझमचा 1857वा परिच्छेद. विषय गंभीर असला तरी जाणीव किंवा संमती अपुरी असेल, तर त्या पापाला महापाप म्हणत नाहीत. जाणीव मुळातच नसेल आणि त्यात आपला हलगर्जीपणाही नसेल, तर पापच नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी पहिली अट तेवढी पक्की शिकवली गेली. उरलेल्या दोन घाईत राहून गेल्या. मला त्या कशा कळल्या ते सांगते.

नोकरीचं पहिलंच वर्ष. वॉर्डात एकाच आडनावाच्या दोन बायका होत्या. संध्याकाळच्या पाळीत कुणीतरी त्यांच्या खाटा बदलल्या. रात्री मी खाट बघून रक्तदाबाची गोळी दिली, ती दुसरीला गेली. पहाटे ती बाई उठायला गेली आणि भोवळ येऊन खाली बसली. सुदैवाने सकाळपर्यंत सावरली. मी मात्र आठवडाभर जेवले नाही. कन्फेशनला जाऊन म्हटलं, ‘फादर, मी एका बाईचा जीव घेणार होते.’ फादर म्हातारे होते, त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांनी ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. मग विचारलं, ‘गोळी देताना तिला नाव विचारलंस?’ नव्हतं विचारलं. ‘विचारायचा नियम आहे?’ आहे. ‘मग ते सांग. नाव विचारलं नाही, हे सांग. जीव घ्यायला तू गेली नव्हतीस.’

त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं, कारण मी एवढं मोठं पाप घेऊन गेले होते आणि त्यांनी माझ्या हातात हे एवढंसं परत दिलं. पण ते एवढंसं माझं होतं. पुढच्या एकवीस वर्षांत नाव विचारल्याशिवाय मी कुणाला गोळी दिली नाही.

आपल्याकडे दोन प्रश्नांची कायम सरमिसळ होते. एक, घडलं ते चूक होतं का? दुसरा, ते करणारा माणूस किती दोषी? चुकीची गोळी ही चूकच, त्यात शंका नाही. माझा दोष किती, हा हिशेब वेगळा. बाकीच्या पत्रांतही हे दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहेत, म्हणून इथेच सांगून ठेवते.

‘महापाप’ या आपल्या शब्दाने थोडा घोटाळा केला आहे, असंही मला वाटतं. त्यातून फक्त आकार कळतो. लॅटिन शब्दाचा अर्थ आहे ‘मारणारं’. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मरणाकडे नेणारं पाप आणि तसं नसणारं पाप असा भेद आहे, त्यातून तो आला. देवाशी असलेलं नातं जे जिवंत ठेवत नाही, ते महापाप. सात रविवार वडिलांची कूस बदलणाऱ्या मुलाने कुठलं नातं मारलं?

कन्फेशनला मात्र जरूर जा. इतके दिवस एकट्याने जागरणं करणारा माणूस चिडतो, आजाऱ्यावर आवाज चढवतो, कधी हाक ऐकूनही ऐकली नाहीसं करतो. तसं काही मनात असेल तर ते सांगा. कदाचित सात रविवारांच्या मागे तेच उभं असेल.

सात महापापं कोणती? यादी द्यावी.

यादी देते, पण ती महापापांची नाही. गर्व, लोभ, वासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध, आळस ही मूळ पापं आहेत, म्हणजे ज्या खोडातून बाकीच्या फांद्या फुटतात ती. चौथ्या शतकात वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रिअस नावाच्या तपस्व्याने माणसाला छळणारे आठ विचार मांडले. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी त्यांचे सात केले आणि गर्वाला सगळ्यांचं मूळ म्हणून बाजूला काढलं. आजची यादी त्यातूनच पुढे घडत आली. एखाद्याला दिवसातून दहा वेळा मत्सर शिवून जातो, म्हणून त्याची दहा महापापं होत नाहीत. वरच्या तीन अटी इथेही लागतात.

आणि यातला ‘आळस’ म्हणजे सकाळी उशिरा उठणं नव्हे. जे चांगलं आहे त्याचाच कंटाळा येणं, प्रार्थनेचा, माणसांचा, देवाचाही, असा तो आहे. दिवसभर धावपळ करणाऱ्या माणसात तो मी पुष्कळदा पाहिला आहे.

आईला कर्करोग होता. शेवटच्या आठवड्यात वेदना बघवत नव्हत्या. मॉर्फिनची मात्रा वाढवू का, असं डॉक्टरांनी विचारलं. श्वास मंदावू शकतो हेही सांगितलं. मी हो म्हटलं. त्याच रात्री आई गेली. खरं सांगतो, मी मनात म्हणत होतो, देवा, सोडव तिला. मी आईला मारलं का?

नाही.

हे पत्र मी तीन वेळा वाचलं. असे मुलगे मी पाहिले आहेत. खाटेच्या पायथ्याशी उभे राहतात, लोखंडी दांडीला धरून, आणि बसा म्हटलं तरी बसत नाहीत. म्हणून एका शब्दावर न थांबता तुम्हाला सगळं नीट सांगते.

एखाद्या कृतीचं मोजमाप करताना चर्च तीन गोष्टी बघतं. प्रत्यक्ष काय केलं, कशासाठी केलं, आणि कुठल्या परिस्थितीत केलं. तुम्ही केलं काय, तर वेदनेवरच्या औषधाला संमती दिली. कशासाठी, तर वेदना थांबावी म्हणून. परिस्थिती अशी, की आजार शेवटाला आला होता आणि कमी मात्रा पुरत नव्हती. यात मारणं कुठेच नाही. श्वास मंदावण्याची शक्यता तुम्हाला दिसत होती, पण एखादी गोष्ट दिसणं वेगळं आणि ती साधायला जाणं वेगळं.

हा भेद तुमच्या समाधानासाठी आज कुणी शोधलेला नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी स्वसंरक्षणाबद्दल लिहिताना म्हटलं, की एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात, एक हेतूतला आणि एक हेतूबाहेरचा. हल्ला परतवणारा माणूस स्वतःचा जीव वाचवायला धडपडतो. हल्लेखोर मेला तर ते त्याच्या हेतूबाहेरचं, मात्र गरजेपेक्षा जास्त बळ वापरलेलं चालत नाही. पुढच्या लोकांनी यावरून दुहेरी परिणामाचा नियम बांधला : कृती मुळात वाईट नसावी, हेतू चांगल्या परिणामाचा असावा, वाईट परिणामाच्या वाटेने चांगला परिणाम गाठलेला नसावा, आणि पत्करलेल्या धोक्याला तेवढंच वजनदार कारण असावं. 1957 साली भूलतज्ज्ञांनी पोप बारावे पायस यांना जवळजवळ तुमचाच प्रश्न विचारला होता. आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला तरी दुसरा उपाय नसेल तर वेदनाशामक देता येतं, असं त्यांनी उत्तर दिलं. कॅटेकिझमच्या 2279व्या परिच्छेदातही तेच आहे.

एक गोष्ट नर्स म्हणून सांगते. योग्य मात्रेत, वाढवत नेलेलं मॉर्फिन सहसा मृत्यू ओढून आणत नाही. मिनिटाला श्वास किती, हे मोजून चार्टवर लिहिणारी मीच असायचे. शेवटच्या दिवसांत श्वास मॉर्फिनशिवायही मंदावतो, मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. त्या रात्री तुमच्या आईला काय घेऊन गेलं हे मी इथून सांगू शकत नाही. पण इंजेक्शन आणि मृत्यू एकाच रात्री आले, एवढ्यावरून एकाने दुसऱ्याला आणलं असं म्हणता येत नाही.

तरी शंका उरत असेल तर स्वतःला विचारून बघा. समजा त्या इंजेक्शननंतर आई शांत झोपली असती आणि सकाळी डोळे उघडून तिने तुमच्या नावाने हाक मारली असती. ‘अरे, बेत फसला’ असं तुम्हाला वाटलं असतं का? ज्याला मारायचं असतं त्याला तसं वाटतं.

आणि ‘देवा, सोडव तिला’ ही प्रार्थना आहे. जे आपल्या हातात नाही, ते ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे मागितलंत. ती इच्छा मनात असली म्हणून सिरिंजमध्ये उतरत नाही.

उलटी बाजूही माझ्या आठवणीत आहे, ती लपवत नाही. एका रात्री एका रुग्णाची बायको मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, ‘सिस्टर, एकदाच काय ते द्या ना.’ तेच औषध, तीच सिरिंज, प्रेमही तेवढंच. पण ती मागत होती तो डोस मरण्यासाठीच मोजायचा होता. तिथे मृत्यू हेच साधन होतं, आणि ते चूक आहे. दयेने केलं म्हणून केलेल्या गोष्टीचं नाव बदलत नाही. मी नाही म्हटलं. पण त्या बाईचा दोष किती, हा दुसरा प्रश्न मला विचाराल तर ती तीन रात्री झोपलेली नव्हती, आणि आपण काय बोललो हे सकाळी तिला आठवतही नव्हतं. त्या रात्री डॉक्टरांना बोलावून वेदनेचा बंदोबस्त केला आणि मी तिच्याजवळ बसून राहिले.

आम्हा नवराबायकोला आणखी मूल नको आहे. गर्भनिरोधाबद्दल चर्च काय सांगतं हे मला माहीत आहे, पण ते माझ्या मनाला पटत नाही. एक फादर म्हणाले, तुझ्या सदसद्विवेकबुद्धीचं ऐक. दुसरे म्हणाले, चर्चचं ऐक. मी कुणाचं ऐकू?

दोन्ही फादरांनी तुम्हाला अर्धं अर्धं वाक्य सांगितलं, असं मला वाटतं. किंवा त्यांनी पूर्ण सांगितलं आणि तुम्ही अर्धं घरी आणलंत. तेही होतं.

आपल्या भाषेतला हा लांबलचक शब्द जरा उलगडून बघा. सत् काय, असत् काय, याचा विवेक करणारी बुद्धी. त्यात ‘वाटणं’ कुठेच नाही. मला अमुक आवडत नाही, अवघड जातं, माझ्या मैत्रिणी तसं करत नाहीत, हे सगळं खरं असू शकतं, पण ती सदसद्विवेकबुद्धी नव्हे. समोरची ही कृती चांगली की वाईट, याचा बुद्धीने केलेला निवाडा म्हणजे ती.

पहिल्या फादरांची बाजू भक्कम आहे. सदसद्विवेकबुद्धी म्हणजे माणसाचा सगळ्यात आतला गाभारा, तिथे तो देवाबरोबर एकटा असतो, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1965 साली म्हटलं आहे. थॉमस अक्विनास तर आणखी पुढे गेले. एखाद्याची बुद्धी चुकत असली तरी तिच्या निवाड्याविरुद्ध वागणं पाप आहे, असं ते म्हणतात. कारण जे वाईट आहे असं त्याला वाटतं, तेच तो करायला निघालेला असतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये असा आरोप झाला, की पोपचं ऐकणाऱ्या कॅथलिकांना स्वतःचं मत उरतच नाही. जॉन हेन्री न्यूमन या कॅथलिक धर्मगुरूंनी 1875 साली त्याला पत्ररूपाने उत्तर दिलं. त्यात ते म्हणतात, जेवणानंतर पेला उंचावायचीच वेळ आली तर मी पोपच्या नावाने उंचावीन, पण आधी सदसद्विवेकबुद्धीच्या नावाने. पुढे ते कार्डिनल झाले आणि 2019 साली संत म्हणून घोषित झाले, म्हणजे चर्चने ते वाक्य त्यांना माफ केलं असावं.

पण त्याच पत्रात न्यूमन तक्रार करतात, की लोक सदसद्विवेकबुद्धीचा हक्क मागतात आणि त्यांना हवा असतो मनमानीचा हक्क. तिला हक्क आहेत, कारण तिला कर्तव्यं आहेत. आणि इथे दुसऱ्या फादरांचं अर्धं वाक्य येतं. ही बुद्धी घडवावी लागते. सत्य शोधायची तसदीच घेतली नाही, तर ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब टिकत नाही. माझ्या गोळीसारखंच : नाव विचारलं होतंस का?

म्हणून माझा तुम्हाला प्रश्न. चर्चची शिकवण माहीत आहे म्हणता, ती कुठून? पोप सहावे पॉल यांचं 1968 सालचं ‘हुमाने विते’ हे पत्र तुम्ही दोघांनी वाचलं आहे का? फक्त 31 परिच्छेद आहेत. मुलं किती व्हावीत हे जबाबदारीने ठरवा, असं तेच पत्र सांगतं. गंभीर कारण असेल तर अपत्यांमध्ये अंतर ठेवायला किंवा थांबायला त्याची हरकत नाही, आणि त्यासाठी स्त्रीच्या शरीराच्या चक्राचा आधार घेणं ते मान्य करतं. शरीरसंबंधातून मूल होण्याची शक्यता मुद्दाम काढून टाकणं मात्र ते मान्य करत नाही. का, हेही मांडतं. तुमचा विरोध त्या कारणांना आहे, की ऐकीव ‘चर्च नाही म्हणतं’ला?

ती शिकवण माझी नाही, चर्चची आहे, आणि माझ्या अंगावर आली म्हणून मी ती पातळ करून सांगणार नाही. तुमच्या गाभाऱ्यातही मी शिरणार नाही. वाचा, नवऱ्यालाही वाचायला लावा (हा प्रश्न एकट्या बायकांनीच का विचारायचा, हे मला कधी कळलं नाही), प्रार्थना करा, आणि ज्या फादरांनी तुम्हाला पुरेसा वेळ दिला त्यांच्याकडे पुन्हा जा. जे उत्तर आधीच ठरवून ठेवलं आहे त्याला शिक्का मारून घ्यायला जाऊ नका, एवढंच.

मैत्रिणीचा नवरा पूर्वी तुरुंगात जाऊन आला आहे. मी ते एकदोघींना सांगितलं. आता ती माझ्याशी बोलत नाही. पण मी एक अक्षर खोटं बोलले नव्हते. खरं बोलणं पाप कसं?

खोटं सांगून कुणाचं नाव खराब करणं, आणि खरं असलेला दोष काही रास्त कारण नसताना ज्यांना माहीत नाही त्यांना सांगणं, अशी दोन वेगळी पापं कॅटेकिझमच्या 2477व्या परिच्छेदात दिली आहेत. तुमचं दुसरं. माणसाचं नाव ही त्याची चीजवस्तू आहे, आणि तुम्ही ती न विचारता उचलून वाटलीत.

उचललेलं परत करावं लागतं, हा चोरीचा नियम इथेही आहे. आणि इथेच खरं बोलणारा खोटं बोलणाऱ्यापेक्षा जास्त अडकतो. खोटं सांगणाऱ्याला निदान जाऊन ‘मी खोटं बोलले’ म्हणता येतं. तुम्ही काय म्हणाल? त्या एकदोघींना भेटून ‘हे सांगायचा मला अधिकार नव्हता, पुढे नेऊ नका’ म्हणा, आणि त्या माणसाचं जे चांगलं तुम्हाला माहीत आहे तेही सांगा. मैत्रिणीची माफी मागा. तिने दिली नाही तरी.

एक अपवाद ठळक सांगते, कारण या शिकवणीचा आडोसा घेऊन नको त्या गोष्टी झाकल्या गेल्या आहेत. कुणाला धोका असेल, मूल असुरक्षित असेल, गुन्हा घडत असेल, तर योग्य ठिकाणी सांगणं ही परनिंदा होत नाही. ते रास्त कारण आहे, आणि तिथे गप्प बसण्याचाच जाब द्यावा लागेल.

आमचे साहेब खोटी बिलं बनवून घेतात. बनवतात ते, मी फक्त टाइप करते. नकार दिला तर नोकरी जाईल आणि घर माझ्या पगारावर चालतं. दोष माझा की त्यांचा?

1679 साली पोप अकरावे इनोसंट यांनी काही सैल मतं नाकारली. त्यातलं एक मत असं होतं : मालक एका मुलीवर अत्याचार करायला खिडकीतून शिरतोय, नोकर त्याला खांदा देतो, शिडी धरतो, आणि हे सगळं मालकाच्या भीतीने करतो, तर नोकराचं ते महापाप नाही. मालक डोळे वटारून बघेल, कामावरून काढून टाकेल, एवढी भीती पुरेशी आहे, असं त्या मताचं म्हणणं. पोपनी ते अमान्य केलं. तीनशेहून जास्त वर्षं झाली, पण तुमचं पत्र वाचताना मला ती शिडीच दिसली.

दुसऱ्याच्या वाईट कामात आपला हात किती, हे बघताना दोन गोष्टी तपासतात. त्याचा हेतू आपलाही आहे का? असेल तर संपलंच. नसेल, तर आपण केलेली मदत त्या कृत्याला किती चिकटलेली आहे? तुमच्या ऑफिसात संगणक दुरुस्त करायला येणारा माणूसही त्या बिलांना हातभार लावतो, पण इतका लांबून की त्याने नोकरी सोडावी असं कुणी म्हणणार नाही. तुमचं तसं नाही. खोटं बिल टाइप करणं ही खोट्या बिलाला केलेली मदत राहत नाही, तेच ते खोटं बिल आहे. ‘फक्त’ हा शब्द तिथे टिकत नाही.

हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर. दुसऱ्या प्रश्नात तुमची भीती, घराचा भार, साहेबांचा दबाव हे सगळं तुमच्या बाजूने मोजलं जातं, आणि साहेबांचा दोष तुमच्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे. त्यांनी स्वतःचं पाप केलं आणि वर तुमच्याकडून करवून घेतलं. उद्याच राजीनामा फेका, असं मी म्हणत नाही. घर चालवणाऱ्या बाईला असं सांगणं फार सोपं असतं. दुसरं काम शोधायला आजपासून लागा, घरच्यांना विश्वासात घ्या, आणि पुढचं बिल समोर येईल तेव्हा ‘हे मला जमणार नाही’ एवढं म्हणून बघा. पुष्कळ साहेब कुणीच नाही म्हणत नाही म्हणून धीट झालेले असतात. सगळेच तसे नसतात, हेही मला माहीत आहे.

(आठ पानी पत्र. थोडक्यात : दहा वर्षांपूर्वीचं एक पाप पंधरा वेळा कन्फेस केलं आहे, तरी नीट सांगितलं गेलं की नाही याची खात्री वाटत नाही.)

तुमचं हे तिसरं पत्र. पहिल्या दोन्हींना मी सविस्तर उत्तर दिलं होतं आणि ती माझी चूक झाली, असं आता वाटतं. प्रत्येक उत्तरातून तुम्ही नवा धागा काढलात.

प्रामाणिकपणे सांगितलेल्या आणि क्षमा झालेल्या पापाची पुन्हा कबुली देण्याचं बंधन नाही. एखादा तपशील विसरून राहिला असेल तर तोही त्याच क्षमेत आला. या दुखण्याला फार जुनी नावं आहेत आणि फार मोठी माणसं त्यातून गेली आहेत. लोयोलाचे संत इग्नेशियस स्पेनमधल्या मानरेसात असताना जुनी पापं पुन्हा पुन्हा सांगून अगदी जेरीला आले होते. कन्फेशन ऐकणाऱ्यांचे आश्रयदाते मानले जाणारे संत आल्फोन्सस लिगोरी यांनाही स्वतःच्या मनातल्या अशा शंकांनी छळलं. त्यावर चालत आलेला उपाय कठोर वाटेल असा आहे : एकच फादर निवडायचे, ते ‘हे पुन्हा सांगू नकोस’ म्हणाले की सांगायचं नाही, आणि शंका आली तरी तिचं ऐकायचं नाही. तिच्याशी वाद घालायचा नाही. हात धुण्याचं, कुलूप तपासण्याचंही असंच होत असेल तर डॉक्टरांनाही भेटा. त्यात श्रद्धेचा काही कमीपणा नाही.

चौथं पत्र पाठवाल, हे मला ठाऊक आहे. ते मी वाचीन, तुमच्यासाठी प्रार्थना करीन, आणि उत्तर न देता ड्रॉवरमध्ये ठेवून देईन.